तुझा गठ्ठा किती उंच झालाय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या खुर्च्यांना पाय फुटतात. म्हणजे जूनमध्ये कोणी शिक्षक रिटायर झाला किंवा सोडून गेला की त्याची खोली रिकामी होते, आणि ऑगस्टमध्ये नवा माणूस कुलूप उघडून आत जातो तेव्हा तिथली चाकांची चांगली खुर्ची, प्रोजेक्टरचा रिमोट, ड्रॉवर नीट उघडणारं टेबल यातलं काहीच जागेवर नसतं. उरलेलं असतं ते म्हणजे डुगडुगणारी बाकं, सुकलेले मार्कर आणि कपाटात कोंबलेली जुनी वर्कबुकं. चोरी कोणी केलेली नसते हां, सगळी सज्जन माणसं आहेत. फक्त शेजारच्या खोलीतल्याला वाटलेलं असतं की एवढी चांगली खुर्ची इथे नुसती पडून आहे आणि आपली कंबर तर रोज दुखते.

मी कॅलिफोर्नियातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि गेली नऊ वर्षं आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये नव्या शिक्षकांची मेंटॉर आहे, म्हणजे सुरुवातीला त्यांच्या पाठीशी उभी राहणारी जुनी शिक्षिका. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एखाद्या गावातल्या किंवा आजूबाजूच्या दोन-चार गावांतल्या शाळा मिळून इकडे एक स्कूल डिस्ट्रिक्ट होतं, त्याचं लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, वेगळं बजेट असतं, आणि शिक्षकाची नेमणूक डिस्ट्रिक्ट करतं, शाळा नाही. त्यामुळे दर ऑगस्टला डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या हॉलमध्ये त्या वर्षीचे सगळे नवीन लोक एकत्र बसवले जातात, बालवाडीवाल्या बाईंच्या शेजारी वेल्डिंग शिकवणारा, असं.

ओरिएंटेशन दोन दिवसांचं. पहिला दिवस एचआरचा, हेल्थ इन्शुरन्सचे प्लॅन, डेंटल, पेन्शन, बोटांचे ठसे दिले का, टीबीचा कागद आणला का. दुसऱ्या दिवशी हजेरीचं सॉफ्टवेअर, मार्कांचं सॉफ्टवेअर, स्पेशल एज्युकेशनच्या मुलांच्या आयईपीचे (प्रत्येकासाठी वेगळ्या बनवलेल्या शिक्षण-योजनेचे) कायदे, कोणाचं रक्त सांडलं तर हात लावू नका असा एक व्हिडिओ, आणि शाळेत बंदूकवाला शिरला तर दार कसं लावायचं याचं ट्रेनिंग. संध्याकाळी घरी जाताना हातात एक कापडी पिशवी, गळ्यात लॅनयार्ड आणि काखेत हा एवढा जाड बाइंडर. त्या बाइंडरमध्ये सगळं आहे, खरंच आहे, मी त्यातली काही पानं स्वतः लिहिलीत. फक्त तिसऱ्या पिरियडला मागच्या बाकावरचा पोरगा टोपी डोळ्यांवर ओढून झोपला आणि उठवल्यावर बाकीचे तेहतीस जण तुझ्याकडे टक लावून बघायला लागले की काय करायचं ते त्यात नाही. झेरॉक्स मशीनचा कोड त्यात नाही. आणि बाथरूमला कधी जायचं हेही नाही. हसू नका, दोन पिरियडच्या मध्ये पाच मिनिटं असतात आणि त्यात मुलं आत-बाहेर करत असताना शिक्षकाने दारात उभं राहायचं असतं, तर नवीन माणूस दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. माझ्या एका मेंटीला पहिल्या सेमिस्टरला याच कारणाने डॉक्टरकडे जावं लागलं होतं.

बरं, एवढ्यावर भागत नाही. त्यांना आम्ही वर्ग कुठले देतो बघा. पाच पिरियड आणि त्यात तीन वेगवेगळे विषय, म्हणजे रोज तीन वेगळे धडे तयार करा. त्यातले दोन वर्ग अल्जिब्रात एकदा नापास होऊन परत बसलेल्या मुलांचे. खोली मैदानाच्या टोकाला असलेली पत्र्याची पोर्टेबल, नाहीतर खोलीच नाही, एक ढकलगाडी द्यायची आणि ज्याचा पिरियड रिकामा असेल त्याच्या वर्गात जाऊन शिकवायचं. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, जुन्यांनी आधी निवडायचं आणि उरलं ते नव्याला, एवढाच हिशोब आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नवव्या दिवशी पहिल्या क्विझचे एकशे सत्तर पेपर तपासायचे राहिलेले असतात. आणि मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीये. कॅल्क्युलसचे दोन वर्ग माझ्याकडे आहेत, पुढच्या बाकांवर बसायला भांडणारी मुलं, गृहपाठ करून येणारी. एखादा वर्ग नव्या मुलीला देऊन मी एक रिपीटर वर्ग घ्यावा हे मला कळतं, आणि पाच वर्षं झाली मी तो सोडलेला नाही.

माझं स्वतःचं पहिलं वर्ष असंच सुरू झालं होतं. गणितात एमएस्सी, तिकडे दोन वर्षं शिकवलेलं, इथे येऊन क्रेडेन्शियलचा, म्हणजे शिकवण्याच्या परवान्याचा, कोर्स केला आणि ऑगस्टच्या शेवटी नोकरी लागली तेव्हा शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. तोपर्यंत वर्ग रोज बदलणाऱ्या सब्स्टिट्यूटच्या, म्हणजे बदली शिक्षकांच्या ताब्यात. मुलांनी मला बघितलं आणि त्यांना वाटलं ही आणखी एक सब, शुक्रवारपर्यंत जाईल. माझा उच्चार त्यांना कळेना, त्यांचा मला. 'मिस, कॅन आय गेट अ पास' म्हणजे वर्गाबाहेर जायची चिठ्ठी हवीय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. प्रिन्सिपलला पहिल्या नावाने हाक मारायला मला वर्ष लागलं, जीभच वळेना.

कागदावर मला मेंटॉर होता. पीटीचा कोच, अतिशय भला माणूस, पण तो जिमच्या टोकाला आणि मी पोर्टेबलमध्ये, आणि दुपारी तीननंतर त्याची फुटबॉलची प्रॅक्टिस. आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, तो विचारायचा कसं चाललंय, मी म्हणायचे फाईन, आणि आम्ही दोघं फॉर्मवर सह्या करायचो.

मला तगवलं ते शेजारच्या पोर्टेबलमधल्या इंग्लिशच्या बाईंनी. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, माझी मेंटॉर वगैरे काही नाही, त्याचे पैसेही तिला मिळत नव्हते. सप्टेंबरच्या एका दुपारी शाळा सुटल्यावर ती आपल्या निबंधांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली, म्हणाली माझ्या खोलीतला एसी फार गार आहे, इथे बसू का, आणि बाकावर बसून तपासायला लागली. मग मीही माझा गठ्ठा काढला. तासभर कोणी काही बोललं नाही. अधूनमधून ती एखादं वाक्य मोठ्याने वाचून कपाळावर हात मारायची, कधी एखादा निबंध नुसता वरवर बघून बाजूला ठेवायची. मी विचारलं हा तपासला नाही? तर म्हणाली, सगळं तपासत बसले असते तर पहिल्याच वर्षी मेले असते, दहातला एक नीट वाचते, बाकी टिक. मला तोपर्यंत वाटत होतं की प्रत्येक पोराची प्रत्येक पायरी तपासणं हे शिक्षकाचं कर्तव्य आणि माझं ते होत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. आमची त्या वर्षी जी काही ट्रेनिंगं झाली त्यातलं आज मला एकही आठवत नाही, पण ते 'बाकी टिक' आठवतं. ती जवळजवळ रोज यायची. तिच्या खोलीतला एसी खरंच एवढा गार होता का हे मी कधी जाऊन बघितलं नाही.

डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अमेरिकन शाळेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती. प्रत्येक अंडं आपापल्या खाचेत, एकमेकांना धक्का लागत नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती ती जास्त खोल आहे. शिक्षक होणारा माणूस स्वतः विद्यार्थी म्हणून सुमारे १३,००० तास शिक्षकांना बघत बसलेला असतो, म्हणून त्याला वाटतं की हे काम आपल्याला माहितीये. पण बाकावरून फक्त फळ्यासमोरचा माणूस दिसतो, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, आणि रविवारी रात्री साडेदहाला तो जेवणाच्या टेबलावर काय करत बसलेला असतो ते तर नाहीच नाही. मग नवीन शिक्षकाला पहिल्या महिन्यात जो धक्का बसतो त्यात एक लाजेचा भाग असतो, की हे तर आपल्याला यायला हवं होतं. लाज वाटली की माणूस मदत मागत नाही. साधं आहे. आणि इथे आमची सगळी मेंटॉरिंगची सिस्टीम उभी आहे ती 'मदत लागली तर सांग हं' या वाक्यावर.

सिस्टीम वाईट आहे असं नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्येच नव्या शिक्षकांच्या आधारासाठी राज्यभराचा प्रोग्रॅम सुरू केला, १९९८ च्या कायद्याने इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकाला मेंटॉरसोबत मिळणारा हा सुरुवातीचा आधार, पक्क्या क्रेडेन्शियलला जोडलं. आजचे नियम वाचले तर छान वाटतं: मेंटॉर तीस दिवसांच्या आत मिळाला पाहिजे, सरासरी आठवड्याला एक तास तरी प्रत्यक्ष आधार, आणि नव्या शिक्षकाने स्वतःसाठी जो शिकण्याचा प्लॅन लिहायचा तो नोकरीच्या मूल्यमापनासाठी वापरायचा नाही. फक्त २०१३ मध्ये राज्याने शाळांना पैसे देण्याची पद्धत बदलली आणि या कामासाठी वेगळा बांधलेला निधी मोठ्या पिशवीत गेला, मग कुठल्या डिस्ट्रिक्टने चालू ठेवलं, कुठे नव्या शिक्षकांनाच इंडक्शनची फी भरायला लागली. आणि तो आठवड्याचा तास कुठून काढायचा ते नियमात नाही. इंग्लंडमध्ये नव्या शिक्षकाचे पहिल्या वर्षी दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के तास कमी करतात, हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे असे हसले की जणू मी सगळ्यांचा पगार दुप्पट करा म्हणाले.

आता त्या मुलाबद्दल. मुलगा म्हणजे तेवीस वर्षांचा शिक्षक, माझ्या मेंटॉरपणाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आलेला, विषय फिजिक्स आणि एक वर्ग गणिताचा. इंटर्न होता, म्हणजे दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी युनिव्हर्सिटीत जाऊन शिक्षक होण्याचा कोर्स करायचा, शिक्षकांची टंचाई आहे म्हणून असे पुष्कळ जण येतात. हुशार, हसरा, मुलांना आवडणारा. दर मंगळवारी प्रेप पिरियडला, म्हणजे तयारीसाठी मोकळ्या ठेवलेल्या तासाला, आम्ही भेटायचो. मी विचारायचे कसं चाललंय, तो म्हणायचा फाईन, कधी कधी गुड, गुड. मग मी त्याला एखादी युक्ती सांगायचे, ग्रुप कसे पाडायचे वगैरे, तो वहीत लिहून घ्यायचा. मला तो वही काढतो याचं फार कौतुक होतं. माझ्या लॉगमध्ये ऑगस्ट ते डिसेंबर चौदा भेटींची नोंद आहे, आणि 'सध्याची अडचण' या रकान्यात बहुतेक ठिकाणी मी 'वेळेचं नियोजन' लिहिलंय, कारण रिकामा रकाना सॉफ्टवेअर घेत नाही.

जानेवारीत तो आलाच नाही. हिवाळ्याची सुट्टी संपली त्या रविवारी रात्री त्याने प्रिन्सिपलला दोन ओळींचा ईमेल टाकला. करार मध्येच मोडला तर क्रेडेन्शियलवर कारवाई होऊ शकते हे त्याला माहीत होतं, तरी गेला. सोमवारी सब उभी करायची म्हणून मी त्याच्या खोलीत गेले, टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला तर उघडेना, ओढला तर आत कागद. सप्टेंबरच्या शेवटापासूनचे पेपर, लॅब रिपोर्ट, क्विझ, रबरबँड लावून पिरियडवार नीट ठेवलेले, एकही तपासलेला नाही. ग्रेडबुकमध्ये त्याने सगळ्यांना अंदाजाने मार्क टाकले होते. चौदा मंगळवार मी त्या ड्रॉवरपासून हातभर अंतरावर बसले होते.

मला राग आला आधी त्याचाच. सांगितलं असतंस तर एका शनिवारी दोघांनी बसून अर्धं फेकून दिलं असतं, अर्ध्यावर टिक मारली असती! मग दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दहातला एक वाचायचा हे मला कोणीतरी शेजारी बसून दाखवलं होतं म्हणून माहीत होतं, आणि मी त्याला काय देत होते तर ग्रुप पाडायच्या युक्त्या.

तेव्हापासून मी 'कसं चाललंय' विचारणं सोडलं. मी विचारते, तुझा गठ्ठा किती उंच झालाय? हाताने दाखव. आणि माझा बरोबर घेऊन जाते. आमच्याकडे मुलांना लॅपटॉप वगैरे सगळं आहे पण गणित आणि सायन्समध्ये कागद काही सुटत नाही, आणि जे ऑनलाइन देतात त्यांचा गठ्ठा स्क्रीनवर असतो, लाल बिल्ल्यात आकडा दिसतो, २१२ अनग्रेडेड वगैरे. कोणी आधी दोन बोटांचं अंतर दाखवतं, मग माझा ढीग बघून पंजा उघडतं. एक मुलगी तर उठून गाडीत गेली आणि डिकीतून खोकं घेऊन आली. असे आणखी दोन-तीन प्रश्न मी जमवलेत. कुठल्या पिरियडच्या आधी पोटात गोळा येतो? कुठल्या पालकांचा फोन टाळतोयस? शुक्रवारी किती वाजता घरी गेलीस? यांना फाईन असं उत्तर देताच येत नाही.

वर्गात जाऊन बघण्याचंही तसंच. सुरुवातीला मी मागे बसून मनातल्या मनात मार्क द्यायचे आणि नंतर 'एक छान, एक सुधारण्यासारखं' असं सांगायचे. आता मी मत लिहीतच नाही. एक तर शिक्षकाचं आणि मुलांचं बोलणं जसंच्या तसं उतरवते, नाहीतर वर्गाचा नकाशा काढून ज्याला प्रश्न विचारला त्याच्या बाकावर फुली मारते, आणि तास संपल्यावर कागद त्यांच्या हातात देऊन गप्प बसते. गेल्या वर्षी इतिहासवाली म्हणाली होती मी सगळ्यांना बोलतं करते. नकाशात चौतीस बाकांपैकी अकरांवर फुल्या, त्याही खिडकीच्या बाजूला. कागद बघून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, दाराच्या बाजूला तो बसतो ना, म्हणून मी तिकडे बघतच नाही. तो कोण ते मला विचारायची गरज पडली नाही. हे मी तोंडाने सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि वहीत लिहून घेतलं असतं.

किंवा थांबण्याचं घ्या. मेरी बड रो या बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांच्या टेपा ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. हे बाइंडरमध्ये आहे, कोर्सलाही असतं. पण नव्या माणसाला ते तीन सेकंद फळ्यासमोर उभं राहून काढायचे म्हणजे युग वाटतं, कारण शांतता झाली की वर्ग हातातून निसटेल अशी भीती. मग आम्ही रिकाम्या खोलीत सराव करतो. ती प्रश्न विचारते, मी बाकावर बसून छताकडे बघते, आणि ती ओठ न हलवता मोजते. फार येडपट दिसतं ते. एकदा कस्टोडियन, म्हणजे शाळेची साफसफाई बघणारा माणूस, आत आला आणि सॉरी म्हणून परत गेला.

पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट पक्की असावी लागते, की माझ्यासमोर दिसलेलं बाहेर जात नाही. कॅलिफोर्नियात नवा शिक्षक साधारण दोन वर्षं प्रोबेशनवर असतो, आणि दुसऱ्या वर्षीच्या १५ मार्चपर्यंत डिस्ट्रिक्टने त्याला पुढे ठेवतोय की नाही ते कळवायचं असतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत स्टाफरूममधली हवाच बदलते. अशाच एका फेब्रुवारीत, कॉपी मशीनपाशी उभी असताना त्या वेळच्या प्रिन्सिपलने सहज विचारलं, तुझी ती कशी आहे गं? आणि मी म्हणाले, मेहनती आहे खूप, वर्ग अजून थोडा सैल आहे. एवढंच. सात-आठ शब्द. तिला १२ मार्चला पत्र मिळालं. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची निरीक्षणं होती, माझ्या शब्दांनी कदाचित काहीच झालं नसेल. पण वर्ग सैल आहे हे तिने मला एका मंगळवारी रडून सांगितलं होतं, मी ते नुसतं पुढे सरकवलं. आता कोणी विचारलं की मी म्हणते, तिलाच विचारा. तोंडावर म्हणते. एका प्रिन्सिपलला ते आवडलं नव्हतं, असो.

याच्या उलट मॉडेलही आहे आणि ते मूर्खांनी काढलेलं नाही. ओहायोमधल्या टोलिडोत १९८१ पासून शिक्षकांच्या युनियननेच पुढाकार घेऊन असं ठरवलं की अनुभवी शिक्षक वर्गातून मोकळे करायचे, त्यांनी नव्यांना शिकवायचंही आणि शेवटी ठेवायचं की नाही याची शिफारसही करायची. युनियनचे डॅल लॉरेन्स त्यामागे होते. त्यांचं म्हणणं, प्रिन्सिपल वर्षातून दोनदा येऊन काय ठरवणार, रोज बघणाऱ्याने ठरवावं. बरोबर आहे तेही. तिथे मेंटॉरला पूर्ण वेळ मिळतो, हे बघून मला हेवा वाटतो. पण माझ्या हातात ती शिफारस असती तर डिकीतलं ते खोकं माझ्यासमोर आलं असतं का? मला नाही वाटत.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असं बजेटच्या मीटिंगमध्ये दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि विचारावंही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये शिकवायला लागलेल्या शिक्षकांचा पाच वर्षं माग काढला होता. पहिल्या वर्षी मेंटॉर मिळालेल्यांपैकी ८६ टक्के पाचव्या वर्षी शिकवत होते, न मिळालेल्यांपैकी ७१ टक्के. हा आकडा आम्ही स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकतो. पण प्रामाणिकपणे बघायचं तर ज्या शाळा मेंटॉर देतात त्या बाकी बाबतीतही बऱ्या असू शकतात, म्हणजे श्रेय नेमकं कोणाचं? दुसरा एक मोठा प्रयोग झाला, १७ डिस्ट्रिक्टमधल्या शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून, अर्ध्यांना भरपूर मेंटॉरिंग, अर्ध्यांना नेहमीचं जे काय असेल ते. २०१० च्या अहवालात निघालं की नोकरीत टिकण्यावर काहीच फरक नाही. एक वर्षाच्या आधाराने मुलांच्या मार्कांवरही नाही. दोन वर्षं मिळालेल्यांच्या वर्गात मात्र तिसऱ्या वर्षी मुलांचे मार्क वाढलेले दिसले. हे मी स्लाइडवर टाकत नाही, पण मला ते जास्त खरं वाटतं. पहिल्या वर्षी आम्ही माणसाचं डोकं पाण्यावर धरून ठेवतो, त्याला पोहणं म्हणत नाहीत. शिकवण्याबद्दल बोलायला माझ्या मेंटींना वेळ मिळतो तो दुसऱ्या वर्षी, आणि डिस्ट्रिक्टच्या पैशांना कात्री लागते तीही नेमकी दुसऱ्या वर्षाला.

एलन मॉयर म्हणून बाई आहेत, सांताक्रूझला न्यू टीचर सेंटर काढलं त्यांनी १९९८ मध्ये. त्याआधीच, नव्वदच्या सुमारास, त्यांनी नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा एक आलेख काढला होता. ऑगस्टमध्ये उत्साह, मग नुसतं तगून राहणं, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास खड्डा, सुट्टीनंतर हळूहळू वर, शेवटी थोडं मागे वळून बघणं. सगळ्यांचं वर्ष तसंच जात नाही, तो फिजिक्सवाला वर आलाच नाही. तरी मी तो आलेख ओरिएंटेशनलाच दाखवते आणि खड्ड्यावर बोट ठेवून सांगते की इथे तुम्हाला वाटेल आपण चुकीच्या धंद्यात आलोय, तेव्हा राजीनामा लिहा खुशाल, पण पाठवू नका, मला दाखवायला आणा. दोघांनी आणलेत आजवर. एकीने टाइप करून, सुबक. आम्ही तो वाचला, त्यातली एक स्पेलिंगची चूक काढली, आणि मग तिच्या दुसऱ्या पिरियडची बसायची जागा बदलली. ती अजून आहे. दुसरा गेला, मे महिन्यात, वर्ष पूर्ण करून, आता कुठल्याशा कंपनीत आहे आणि खुशीत आहे, तेही मला बरंच वाटतं.

इंग्लिशच्या त्या बाई रिटायर झाल्या त्याला सहा वर्षं झाली. त्यांची खोली रिकामी झाली त्या उन्हाळ्यात तिथल्या खुर्चीलाही पाय फुटले, आणि ती चालत माझ्याच खोलीत आली, हे सांगून टाकलेलं बरं.

परवा एचआरचा ईमेल आला. यंदा माझ्या वाट्याला तिघं आहेत. दोघी ओरिएंटेशनला येतील, तिसऱ्याचं फिंगरप्रिंट क्लिअर व्हायचंय, म्हणजे तो शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात उगवणार. त्याला रिपीटरचे तीन वर्ग लागलेत आणि खोली मैदानापलीकडची पोर्टेबल. मी काल जाऊन बघून आले, एसी चालू आहे, प्रोजेक्टर आहे, खुर्ची नाही. मग कस्टोडियनला गाठलं, त्याची ढकलगाडी घेतली आणि माझ्या खोलीतली ती चाकांची खुर्ची तिकडे नेऊन ठेवली. पाठीला चिकटपट्टीने मोठा कागद लावलाय, हलवू नये. नाव लिहायचं राहिलंय, त्याचं स्पेलिंग ईमेलमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळं आहे.